आईबाबांचं पहिलंच बिझनेस क्लास, लाउंजचं काय?

दांडियाबाजारकर: ताईने आईबाबांचं मुंबई-नेवार्क (अमेरिका) बिझनेसचं तिकीट काढलंय, साधारण सोळा तास. बडोद्याहून ट्रेनने मुंबई. मी टर्मिनल २ पर्यंत सोडायला जाणार, मला लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या त्या खास वेटिंग रूममध्ये, त्यांच्यासोबत बसता येईल का? बाबा तर पोळीभाजीचा डबा न्यायचाच म्हणतायत.

रावपुरावाला: तुला नाही रे, लाउंज इमिग्रेशन आणि सिक्युरिटी झाल्यावर असतं, तू बाहेरच टाटा कर. त्यांना बोर्डिंग पासवर एंट्री, वेगळे पैसे नाहीत. डबा नेऊ दे पण लोणच्याची बाटली केबिन बॅगेत नको, मशीनपाशी सगळं उपसायला लावतात, माझा लिंबाचा छुंदा तिथेच राहिला :(

मांजलपूरची मावशी: अरे आईला सांग, लाउंजमध्ये पोट भरून जेवायचं, वाटल्यास अंघोळ, आणि विमानात सरळ झोपायचं. सीट पूर्ण आडवी होते, मी पहिल्यांदा अर्धा तास बटणंच दाबत बसले होते, एकदा पाय वर एकदा डोकं खाली, शेवटी एअर होस्टेसने येऊन गादी घालून दिली. बेल्ट पांघरुणावरून लावायचा म्हणजे मध्येच उठवत नाहीत. जैन किंवा शाकाहारी जेवण मात्र आधीच, निदान २४ तास, बुक कर हां.

दांडियाबाजारकर: थँक्यू मावशी. बाबा विचारतायत, लाउंजमध्ये चहा आल्याचा मिळतो का 😄

रावपुरावाला: मशीनचा मिळेल. आलं खिशात ठेवा म्हणावं.