मदत हवी आहे: कान्हेरीला ओढा चढला आणि आमची ताटातूट झाली. मागे फिरायचं कधी, हे कसं ठरवता?

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात नेमाने जंगलात जाणाऱ्यांकडून सल्ला हवाय.

गेल्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही पाच जण गेलो होतो: मी, नवरा, धाकटा दीर, त्याची ९ वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. ठरलं होतं शिलोंड्याची जंगलवाट, वाटाड्याबरोबर. पण त्या वाटेवर ओढे लागतात आणि शनिवारपासून ऑरेंज अलर्ट होता, त्यामुळे सकाळी वाटाड्यानेच नको म्हटलं. पुतणीचा चेहरा एवढासा झाला, तिला खेकडे बघायचे होते. मग उद्यानाच्या बसने आतच असलेल्या कान्हेरीच्या बौद्ध गुंफांकडे गेलो. पायऱ्या आहेत, गुंफांचा आडोसा आहे, माणसांचा वावर आहे, म्हणजे काळजी नाही असं मी धरून चालले. इथेच चुकलं.

गुंफांच्या मधून घळ जाते. साडेदहाला तिच्यात घोट्याएवढं नितळ पाणी होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या आणि पुतणी ३ नंबरच्या चैत्यगृहात थांबल्या. आम्ही तिघं "पंधरा मिनिटांत येतो" म्हणून घळ ओलांडून पलीकडे गेलो आणि पाऊस नुसता कोसळायला लागला. परतलो तर पाणी मांडीपर्यंत, चहासारखं गढूळ, काटक्या वाहून आणणारं. तळ दिसत नव्हता. फोनला रेंज नव्हती.

दीर म्हणाला, "वहिनी, हात धरून साखळी करू, दहा पावलं तर आहेत." त्याची आई आणि मुलगी पलीकडे होत्या, त्याचा जीव कासावीस झाला होता. तरी मी नाही म्हटलं, नवऱ्यानेही त्याचा दंड धरून ठेवला. दीड तास गुंफेत बसलो. पाऊस ओसरल्यावर पाणी जसं चढलं तसंच भराभर उतरलं. चैत्यगृहात पोचलो तेव्हा पुतणी आजीच्या पदरात झोपली होती. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

तिथे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तो डोंगर म्हणजे बराचसा उघडा कातळ, पाणी मुरायला जागाच नाही. भिक्खूंनी त्याच कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी पोढ्यांत, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यांत, उतरवलं, कितीतरी गुंफांच्या तोंडाशी अशी पोढी आहे. जे पाणी त्यांनी वर्षभर पुरवलं, तेच घळीत एकदम उतरतं. आणि ते लोक वर्षावासात फिरत नसत, एका जागी थांबत.

आता माझे प्रश्न. ऑरेंज अलर्ट म्हणजे अति जोरदार पाऊस, २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, हे मला माहीत आहे. पण तो दिवसभर रिपरिपणार की दोन तासांत ओतणार, हे त्या आकड्यातून कळत नाही. मग सकाळी घरातून निघताना तुम्ही नेमकं काय बघून ठरवता? ओढा चढणार याची खूण आधी दिसते का? आम्हाला नंतर आठवलं की पाऊस वाढायच्या आधीच पाण्याचा रंग बदलला होता, वर डोंगरात आधी पडला असणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सोबत लहान मूल आणि वयस्क माणूस असेल तर कोणी कोणाला सोडून पुढे जायचं नाही, हा नियम तुम्ही खरोखर पाळता का? दीर अजून म्हणतो की मी उगाच घाबरवलं. मला तसं वाटत नाही.

आणखी एक. घरी येताना बोरिवलीत गुडघाभर तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं. सासूबाईंच्या टाचांना भेगा आहेत. लेप्टोची (अशा साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती वाटते. काय करावं?

भर, मंगळवार रात्र: इतक्या लगेच उत्तरं दिल्याबद्दल मनापासून आभार. लेप्टोसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा असं तिघांनी लिहिलं, म्हणून आजच सासूबाईंना नेलं. त्यांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. पुतणीला तिच्या बालरोगतज्ज्ञांनी वेगळं तपासलं, मोठ्यांची गोळी घरच्या घरी मुलांना देऊ नका असं बजावलं. ज्यांनी "पाणी गढूळ झालं की त्याच क्षणी अलीकडच्या काठावर या, खोली मोजत बसू नका" असं लिहिलं, ते मी दिरालाही वाचून दाखवलं. तो गप्प ऐकत होता.

पुतणीला खेकडे दाखवायचं मी कबूल केलंय. सप्टेंबरात, पाऊस ओसरताना, शिलोंड्याला ८-१० वर्षांच्या मुलांना कोणी नेलंय का? ओढ्याचे किती टप्पे लागतात आणि सासूबाईंना बसायला अलीकडे चांगली जागा आहे का, तेवढं सांगा.