मदत हवी आहे: ऑपरेशननंतर मांजर खात नाही, नळी घालावी का?

मादी मांजर, वय ४ वर्षे, वजन ३.६ किलो. गर्भाशयात पू झाल्याने गर्भाशय काढलं, आज तिसरा दिवस. टाके कोरडे, ताप नाही, शू होते, पाणी थोडं पिते. स्वतःहून मात्र घासभरही खाल्लेलं नाही.

करून पाहिलेलं: ओलं खाणं कोमट करून पसरट ताटलीत, तेवढ्या वेळापुरती गळ्यातली कॉलर काढून, कांदा-लसूण-मीठ न घातलेलं चिकनचं पाणी. उलटीचं इंजेक्शन, वेदनाशामक आणि भुकेसाठी मिर्टाझापिन डॉक्टरांनीच दिलंय. सिरिंजने गालाच्या कडेने ५-५ मिली भरवतोय, पण ती लाळ गाळते, तोंड फिरवते. बळजबरी केली तर त्या खाण्याचाच कायमचा तिटकारा बसेल किंवा ते श्वासनलिकेत जाईल, म्हणून तिथेच थांबतो. दिवसाला साधारण १८० कॅलरी हव्यात, जेमतेम ५० जातात. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, त्यामुळे आणखी वाट पाहायची भीती वाटते.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: नाकातली बारीक नळी (भूल नको, पण फक्त पातळ खाणं) किंवा मानेतून अन्ननलिकेत नळी (थोडी भूल, पण दाट खाणं जातं). उद्या सकाळी कळवायचंय. घरी नळीने भरवलेल्यांनी सांगा: कुठली निवडलीत, एका वेळी किती मिली देत होता आणि नळी तुंबू नये म्हणून काय करत होता?