आयटीआयच्या पहिल्या वर्षातील मुलांना मानसिक आरोग्य कसे समजावून सांगावे?

शिल्पनिदेशक, ठाणे

नमस्कार. मी ठाण्यातील एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मानसिक आरोग्य आणि स्वास्थ्य या विषयाची ओळख करून देण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. बहुतेक मुले सोळा ते एकोणीस वर्षांची, दहावीनंतर थेट आलेली आहेत. कोणी दिव्याहून येतो, कोणी कळव्याहून, तर कोणी आसनगावहून पहाटेची लोकल पकडून. टिपणात व्याख्या आहेत, पण त्या फळ्यावर लिहून काही साधत नाही. विषय निघाला की मागच्या बाकावरून एखाद्याला मनोरुग्णालयात धाडण्याची थट्टा सुरू होते, आणि ज्याला खरोखर काही विचारायचे असते तो मुलगा मान खाली घालून बसतो.

हा प्रश्न विचारण्यामागे एक मुलगा आहे. त्याने कानशीने घासलेल्या पट्टीवर गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) टेकवून ती उजेडाकडे धरली, तर मधून प्रकाशाची रेघसुद्धा दिसत नसे. गेल्या काही आठवड्यांपासून तोच मुलगा व्हाइसमध्ये (लोखंडी पकडीत) जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, बांधतो आणि नुसता उभा राहतो. साधी उदासी कोणती आणि आजार कोणता, हे मुलांना कसे सांगावे, शिक्षक म्हणून मी कुठवर जावे आणि कुठे थांबावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समुपदेशक, वाशी

सर, आजारांच्या नावांपासून सुरुवात करू नका, हे सर्वात आधी सांगते. नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया ही नावे पहिल्याच तासाला सांगितली, तर काही मुले ती दुसऱ्याला चिकटवतात आणि काही मुले मनातल्या मनात स्वतःला. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक आरोग्याचे जे वर्णन केले आहे, त्याचा भर आजारावर नाही. आयुष्यातले ताण पेलता येणे, आपल्यातील क्षमता ओळखता येणे, नीट शिकता आणि काम करता येणे आणि आपल्या समाजात आपला वाटा उचलता येणे, यांवर आहे. तेच तुम्ही वर्कशॉपच्या भाषेत विचारू शकता. रात्री झोप लागते का, डबा संपतो का, हातातल्या कामावर लक्ष टिकते का, मित्रांमध्ये बसावेसे वाटते का, या चार प्रश्नांवर मुले मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांत कोणालाही रुग्ण ठरवलेले नसते.

उदासी आणि आजार यांतला फरक सांगताना तीन गोष्टी पाहायला शिकवावे: त्रास किती दिवस टिकला, किती तीव्र आहे आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडले का. परीक्षेत नापास झाल्यावर चार दिवस जेवण न जाणे स्वाभाविक आहे. परंतु दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे किंवा आवडत्या गोष्टींतही रस न उरणे, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, सतत थकवा जाणवणे, स्वतःला कुचकामी समजणे, असे सलग दोन आठवडे चालू राहिले तर डॉक्टरांना दाखवायला हवे. निदान डॉक्टरच करतील. शिक्षकाने फक्त बदल टिपायचा. तुम्ही गुण्याचे जे लिहिले आहे ते टिपणे फार मोलाचे आहे, कारण पालक मुलाला रात्री थकून आल्यावर पाहतात आणि तुम्ही त्याला भर दिवसा काम करताना पाहता.

ताणाबद्दलही एक गैरसमज काढावा लागेल, कारण ताण म्हणजे वाईटच, असे मुले धरून चालतात. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्येच मांडले होते की अंगात थोडी उत्तेजना असताना काम सुधारते आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की बिघडू लागते. काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. पहिल्यांदा वेल्डिंगचा टाका घालणाऱ्या मुलाच्या पाठीशी उभे राहून ओरडले तर टाका का बिघडतो, हे यावरून मुलांना लगेच पटते. (आणि शिकवणाऱ्यांनाही पटावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.)

मनोरुग्णालयाच्या थट्टेवर रागावू नका, माहिती द्या. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. तपासून, औषधे घेऊन त्याच दिवशी घरी परतणारी माणसे तिथे रोज येतात. याच शहरात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली, जिथे आजार नसलेली माणसेही नातेसंबंध, अभ्यास आणि करिअर यांविषयी बोलायला जातात. मुलांना हे कळले, की मदत घेणे म्हणजे डांबले जाणे नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सुरक्षा अधिकारी, महापे

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात सुरक्षेचे काम पाहतो आणि अप्रेंटिस मुले माझ्या नजरेखालून जातात. वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त झोपेला एक संपूर्ण तास द्यावा, अशी माझी विनंती आहे. अठरा वर्षांखालील मुलाला आठ ते दहा तास आणि त्यापुढच्या तरुणाला किमान सात तास झोप लागते. पहाटेची गाडी पकडणारा मुलगा रात्री एकपर्यंत मोबाइल पाहत असेल, तर सकाळी ग्राइंडरसमोर उभा राहणारा मुलगा अर्धवट जागा असतो. अशा वेळी चिडचिड, विसराळूपणा आणि हाताची चूक एकत्रच येतात, आणि पर्यवेक्षक त्याला निष्काळजी ठरवून मोकळा होतो. आमच्याकडे सकाळच्या सुरक्षा-चर्चेत हेल्मेट, चष्मा, हातमोजे यांबरोबर 'आज मशिनवर उभे राहण्यासारखी अवस्था नसेल तर आधी सांगा' हे वाक्य आम्ही रोज म्हणतो. सांगणाऱ्याला त्या दिवशी मोजमापाचे किंवा स्टोअरचे काम दिले जाते आणि त्याची हजेरी कापली जात नाही. हजेरी कापली गेली असती, तर एकाही मुलाने सांगितले नसते.

माजी प्रशिक्षणार्थी, ऐरोली

सर, मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा माजी विद्यार्थी आहे आणि सध्या रबाळ्याला नोकरी करतो. पाहुण्या डॉक्टरांचे मोठ्या सभागृहातले व्याख्यान ठेवू नये, असे मला वाटते. दोनशे मुलांसमोर कोणी हात वर करत नाही. आठवड्यातून एकदा, हात धुऊन झाल्यावर, आपापल्या बॅचमध्ये पंधरा-वीस मिनिटे बोलणे अधिक उपयोगी पडते.

दुसरे म्हणजे, मुलांच्या मनावरचे खरे ओझे पुस्तकात नसते. दहावीला टक्के कमी पडले म्हणून आयटीआयला आलो, असे नातेवाईक समारंभात सर्वांसमोर बोलून दाखवतात आणि मुलगा ते खरे मानू लागतो. 'मला कमी गुण मिळाले' आणि 'मी कुचकामी आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत; पहिले घडलेले आहे, दुसरे आपण स्वतःला ऐकवलेले आहे. एका सरांनी आम्हाला ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दुसऱ्याला पुरावा मागायला शिकवले होते, आणि तो तास मला कोणत्याही वायरिंग डायग्रामइतकाच उपयोगी पडला आहे. पैशाबद्दलही जरूर बोला. मोबाइलवरून घेतलेले छोटे कर्ज आणि वसुलीच्या धमक्यांचे फोन, यांमुळे माझ्या बॅचमधला एक मित्र वर्गात यायचा बंद झाला होता, आणि आम्हाला तो आळशी झाला असे वाटत होते.

शिल्पनिदेशक, ठाणे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बॅचनिहाय बोलण्याची आणि चार प्रश्नांची कल्पना मी याच आठवड्यापासून राबवणार आहे. मात्र ज्या मुलाबद्दल लिहिले, त्याच्याशी एकट्याने बोलायला बसलो आणि 'सर, कोणाला सांगू नका' असे म्हणून त्याने काही गंभीर सांगितले, तर मी काय करावे? आत्महत्येचा विषय मी काढला तर ते विचार त्याच्या डोक्यात घातल्यासारखे होईल, ही भीतीही मनात आहे.

समुपदेशक, वाशी

ही भीती अनेक शिक्षकांना वाटते, पण थेट आणि शांतपणे विचारल्याने असे विचार येत नाहीत. उलट ज्याच्या मनात ते असतात, त्याला कोणीतरी विचारले याचा आधार वाटतो. 'तुला जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का,' असे सरळ शब्दांत विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, हत्यारे आणि रसायने जवळ असलेल्या जागेतून बाहेर आणावे आणि टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर त्याच्या शेजारी बसून फोन लावावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. कायद्याची भीती त्याला किंवा घरच्यांना वाटत असेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली आहे, हे सांगावे.

गुपिताचे वचन आधी देऊ नका. बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावे की तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर ते मला योग्य माणसाला सांगावेच लागेल. बाकीचे माझ्यापाशी राहील. मुलगा अठरा वर्षांखालील असून लैंगिक अत्याचाराबद्दल बोलला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि 1098 या बालसाहाय्य क्रमांकावरही मदत मिळते. कोणाला सांगणार आहात, हे त्या मुलाला आधी सांगा, शक्य असेल तर त्याच्यासमोरच फोन करा. घरी कळवताना पालकांपैकी कोणाशी बोललेले चालेल, हे त्यालाच विचारा. अनेकदा मुले आईचे नाव घेतात, कधी मावशीचे किंवा मोठ्या भावाचे घेतात, आणि त्या माणसाला संस्थेत बोलावून त्याच दिवशी दवाखान्याची वेळ ठरवून टाकली, तर पुढचे बरेच सोपे जाते.