मदत हवी आहे: आईबाबांच्या इस्टेट प्लॅनिंगसाठी वकिलाकडे जाताना काय तयारी करू?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई ७६ वर्षांची, बाबा ८१, दोघंही अमेरिकेचे नागरिक. पुढच्या गुरुवारी एल्डर लॉच्या (वृद्धांच्या कायदेशीर बाबी पाहणाऱ्या) वकिलांची पहिली भेट आहे. बाबांचा विसरभोळेपणा वाढतोय. अजून समजून सही करतात, म्हणून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (मुखत्यारपत्र) आधी उरकायची आहे.

बाबांचा हट्ट, १९८८ साली घेतलेलं घर आत्ताच माझ्या नावावर करायचं. मला हे पटत नाही. हयातीत दिलं तर त्यांची जुनी खरेदी किंमतच मला लागू होते आणि विकताना सगळ्या वाढीवर कर बसतो. वारशाने आलं तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. शिवाय नर्सिंग होमसाठी मेडिकेड (कमी उत्पन्न-मालमत्ता असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य मदत) लागलं, तर मागच्या पाच वर्षांत काय काय देऊन टाकलं ते तपासतात. राज्याचा इस्टेट टॅक्स (मृताच्या एकूण मालमत्तेवरचा कर) २०१८ पासून नाही, मुलांना इनहेरिटन्स टॅक्सही (वारसाला मिळालेल्या वाट्यावरचा कर) नाही. पण बाबांना पुतण्यालाही काही द्यायचंय, आणि पुतण्याला तो १५ टक्क्यांपासून लागतो!

काल रात्री फाइल उघडली. घराच्या डीडवर (मालकीच्या दस्तावर) आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. नवीन छताची पावती तेवढी सापडली, ती जपून ठेवली.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: पहिल्या भेटीला कोणते कागद न्यावेत? साताऱ्याच्या फ्लॅटसाठी भारतात वेगळं मृत्युपत्र केलंत का? आणि बाबांसमोर नर्सिंग होमचा विषय कसा काढलात?