केळशी ते कर्दे किनाऱ्याने चालत: जमेल का?

ठाण्याची_सई
नाताळच्या सुट्टीत मी, धाकटी बहीण आणि आमची मावशी (वय ६१, रोज तासभर फिरणारी) दापोली तालुक्यात गावोगाव चालत जायचं म्हणतोय. केळशीहून निघून आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरुड करत कर्द्याला शेवट. गाडीने हा भाग पाहिलाय, पण काचेतून. नकाशात सगळं एका रेघेत दिसतं. पूर्ण वाट पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, होते का? खाड्यांचं काय? रोज आठ-दहा किलोमीटर झेपतील, रात्री गावात मुक्काम.

सह्यभटक
होतं की! सगळं सपाट आहे. दम असेल तर दीड दिवसात संपेल. फोनमध्ये ट्रॅक टाका आणि सुटा.

पाखाडीवाली
सह्यभटक, सपाट आहे हे तुम्हाला उटंबरच्या डोंगराने सांगितलं का? 🙂

सई, मी आंजर्ल्याची. सासर-माहेर दोन्ही याच पट्ट्यात, त्यामुळे जरा हक्काने लिहिते.

किलोमीटर मोजू नका, तिथी बघा. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दुपारी तशीच पहाटेही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. रोज हे सगळं पाऊण तास पुढे सरकतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अगदी काठावरचं गणित करू नका. ओहोटीच्या आधी दोन तास निघायचं. पाणी हटत असतं, ओली वाळू घट्ट असते आणि पाय रुतत नाहीत. भरतीत सुरूच्या बनाखालच्या भुसभुशीत वाळूतून चालावं लागलं तर मावशींचे घोटे दुसऱ्याच दिवशी संपावर जातील.

आता वाट. केळशी आणि आडे यांच्यामध्ये उटंबरचा डोंगर आडवा येतो. तिथे रस्त्यानेच वर चढा. खालून कातळाला वळसा घालू नका. त्या दगडांना कालवं (शिंपल्यातले जीव) चिकटलेली असतात, ब्लेडसारखी कापतात, आणि पाणी चढायला लागलं की मागे फिरायलाही जागा राहत नाही. आड्याच्या खाडीवर पूल आहे. गावातलं भार्गवरामाचं देऊळ बघा, सावलीत बसायला छान. पुढे पाडल्याची पुळण. माझ्या मते अख्ख्या वाटेतली हीच सगळ्यात चांगली, कारण तिथे काहीही नाही.

आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीला गाडीरस्त्याने जाऊ नका. गावातून पाखाडी चढते, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्हीकडे वाड्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. दम लागतो, पण वरून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तो आंग्र्यांकडून घेतला, हे आमच्याकडे अजून जरा नाक मुरडूनच सांगतात.

जोग नदीच्या खाडीवर आता पूल आहे, पूर्वी तरीने जायचो. ओहोटीला उथळ दिसली तरी त्यात पाय घालू नका, गाळ आहे. पुलावरून पाज पंढरी, मग हर्णै. तिथला मासळीचा लिलाव बघायचा तर चारनंतर पोचा. बांगड्याच्या टोपल्यांमधून वाट काढायची असते, म्हणून पांढरे बूट नकोत.

कोळथरेकर
पाखाडीवाली ताईंना अनुमोदन, एक भर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. केळशीहून कर्द्याकडे चालाल तर दुपारी तो थेट डोळ्यांवर येतो, वर वाळूची चमक. उलटं करा, कर्द्याहून केळशीकडे जा. दुसरं, कर्दे-मुरुड पट्ट्यात नाताळला वाळूवर गाड्या आणि घोडागाड्या यांचा नुसता बाजार असतो. तो पहिल्याच सकाळी उरकला की पुढे शांतता. मुरुडला महर्षी कर्वे यांचं घर होतं. इथून ते परीक्षेला साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. मावशी कुरकुरल्या तर हे ऐकवा.

ठाण्याची_सई
मावशी शिक्षिका होती, ती हे मलाच ऐकवेल! उलटं करतो मग. कॅलेंडर काढून बघितलं, आमचे तीन दिवस षष्ठी, सप्तमी, अष्टमी. म्हणजे षष्ठीला साडेचारला भरती, पावणेअकराला ओहोटी. बरोबर? आणि सामानाचं काय करायचं?

पाखाडीवाली
अगदी बरोबर. पहिल्या दिवशी नऊला निघा. फक्त अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढत नाही तसं फार हटतही नाही. पुळण अरुंद मिळेल. पौर्णिमेला पाणी लांबवर जातं खरं, पण ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. सुट्टीत पाचला कोण उठणार? तुमच्या तिथी चांगल्या आहेत.

सामान पाठीवर नको. जिथे राहाल त्यांना सांगा, पुढच्या गावात रिक्षाने पाठवतात. पाठीवर पाणी, टोपी, भाकरी-चटणी. पाडल्याला भूक लागली तर विकत काही मिळेल या भरवशावर राहू नका.

रात्री किनाऱ्यावर बॅटरी मारत फिरू नका. हे कासवांचे दिवस, माद्या अंडी घालायला वर येतात. वाळूत जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून बघा.

सह्यभटक
मान्य, मी उटंबर बाईकवर ओलांडला होता. ताई, आंजर्ल्यात जेवण कुठे चांगलं?

पाखाडीवाली
कुठल्याही घरी, पण आदल्या दिवशी फोन करा. इथे माणसं मोजून भात टाकतात. आणि मोदक हवे असतील तर दोन दिवस आधी. ऐनवेळी एवढे नारळ कोण खवणार?