फील्ड हॉकीतला गोल नाकारला जातो तेव्हा

फील्ड हॉकीत गोल नाकारला की तो ऑफसाइडमुळे (आक्रमक नियमापेक्षा जास्त पुढे उभा असल्यामुळे) असेल, असं कुणाला वाटेल. पण या खेळात ऑफसाइड 1998 मध्येच नियमांतून गेलं. निळ्या रेषेचा ऑफसाइड आहे तो आइस हॉकीतला. इथे बघायचं ते ‘डी’कडे, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाकडे. आक्रमकाची स्टिक डीच्या आत चेंडूला लागलीच पाहिजे. बाहेरून मारलेला चेंडू फक्त बचावपटूला लागून जाळ्यात गेला, तर गोल नाही. आक्रमकाने आत नुसती स्टिक टेकवून दिशा बदलली तरी चालतं, पाय लागला तर नाही. आणि चेंडू रेषेपलीकडे पूर्ण जायला हवा.

पेनल्टी कॉर्नरवर (बचाव संघाच्या चुकीबद्दल मिळणारी, मागच्या रेषेवरून चेंडू ढकलून सुरू होणारी संधी) लोक हमखास गोंधळतात. चेंडू आधी डीबाहेर यावा लागतो. गोलवरचा पहिला फटका ‘हिट’ (स्टिक फिरवून मारलेला) असेल तर गोलरेषेवर चेंडूची उंची 460 मिमीपर्यंतच, म्हणजे गोलच्या मागच्या फळीएवढी. ड्रॅगफ्लिकला, म्हणजे स्टिकने ओढत नेऊन भिरकावलेल्या चेंडूला, ही मर्यादा नाही.