मदत हवी आहे: सोलापूरहून आग्रा-भरतपूर-रणथंबोर, नऊ दिवस, सासूबाईंचे गुडघे आणि वाघवेडा मुलगा

चाटीगल्लीतली

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत उत्तरेकडे जायचं घाटतंय. आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गड्डा (आमची सिद्धेश्वराची जत्रा) उठल्याशिवाय हे हलणार नाहीत आणि मार्चमध्ये मुलाची परीक्षा. म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, जाऊन-येऊन नऊ दिवस. त्यापुढे एक दिवससुद्धा नाही.

माणसं चार. मी, हे, सहावीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७१). सासूबाईंना ताजमहाल बघायचाय, "डोळे मिटायच्या आत" असं गेली दहा वर्षं म्हणतायत. गुडघे दुखतात. सपाटीवर चालतात, पायऱ्या म्हटलं की बसकण मारतात. मुलाला वाघ. फक्त वाघ. मला जुन्या इमारती आवडतात, निवांत बघायला मिळाल्या तर. ह्यांना काय हवंय ते अजून कळलेलं नाही, बहुतेक झोप.

इथल्या एका टूरवाल्यानं दिलेला कार्यक्रम असा: सोलापूर-दिल्ली रेल्वे, दिल्ली दर्शन, कॉर्बेट, आग्रा (शुक्रवारी ताज, दुपारी किल्ला, संध्याकाळी फत्तेपूर सिक्री), भरतपूर "जमलं तर अर्धा दिवस", रणथंबोर, जयपूर, परत. गाडी सगळीकडे त्याचीच.

माझे प्रश्न:
१. एवढं नऊ दिवसांत होतं का? नकाशावर सगळं जवळजवळ दिसतंय.
२. सासूबाईंना सफारीची उघडी जिप्सी झेपेल का?
३. भरतपूर गाळलं तर चालेल का? पक्षी काय, आपल्याकडे हिप्परग्याच्या तलावावरही दिसतात.

रुळावरचा

ताई, पहिलं म्हणजे त्या टूरवाल्याला विचारा की त्यानं स्वतः ताज कधी पाहिलाय. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दर शुक्रवारी. ज्याला एवढं ठाऊक नाही त्याच्या हातात सासूबाईंची दहा वर्षांची इच्छा देऊ नका.

दुसरं, दिल्लीला जायचंच कशाला? कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरवरून जाते आणि आग्रा कँटला थांबते. एक दिवस आणि एक रात्र लागते. दौंड, नगर, मनमाड, भुसावळ करत वर जाते. वाटेत बुऱ्हाणपूर लागतं. मुमताज १६३१ मध्ये तिथंच वारली आणि आधी तिथंच पुरली होती, आग्र्याला तिला नंतर नेलं. सासूबाईंना खिडकीतून दाखवा, म्हणजे ताजची गोष्ट तिथून सुरू होईल. ग्वाल्हेर सोडलं की मुरैना आणि धौलपूरच्या मधे चंबळ येते. त्या वेळी जागं राहा, दोन्ही बाजूंची ती उकरल्यासारखी जमीन बघण्यासारखी असते.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. गजर लावून बसा. खालचा बर्थ सासूबाईंना, बाकी तुमचं तुम्ही.

कॉर्बेट काढून टाका, ते पूर्ण दुसऱ्या दिशेला आहे. नकाशा बोटानं मोजायचा नसतो ओ.

माळावरचा

तिसऱ्या प्रश्नावर थोडं रागावून लिहितोय, माफ करा.

हिप्परग्यावर मी पंधरा वर्षं जातोय. नान्नजला माळढोकासाठी इतक्या सकाळी घालवल्या की घरचे विचारतात तिथं कुणी राहतं का. उजनीचे रोहित, पट्टकदंब, सगळं पाहिलंय. तरी भरतपूरला गेलो तेव्हा पहिल्या तासात दुर्बीण खाली ठेवली, कारण तिची गरजच नव्हती.

केवलादेव घना, म्हणजे भरतपूरचं पक्ष्यांचं रान, जेमतेम २९ चौरस किलोमीटर आहे. आत जिप्सी नाही, कँटर (सफारीची मोठी उघडी गाडी) नाही. सायकल रिक्षा असते, नाहीतर सायकल, नाहीतर पाय. डांबरी सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी अख्ख्या हिंदुस्थानात याहून चांगलं अभयारण्य मला माहीत नाही. रिक्षावाले पक्षी ओळखण्यात तयार झालेले आहेत, थांबून दाखवतात, घाई करत नाहीत. वाघासारखं "दिसला तर दिसला" असं काही नाही. सारसाची जोडी शेतात उभी असावी तशी उभी असते, माणसाएवढी.

ते तळं आपोआप झालेलं नाही, हेही मुलाला सांगा. जमीन मुळात खोलगट, तिथं अजान बांधाचं पाणी सोडून दलदल राखलेली आहे. भरतपूरच्या राजांना बदकांची शिकार करायची होती म्हणून. आत दगडावर शिकारीचे आकडे कोरलेत. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३ पक्षी. त्याच जागेला १९८५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मात्र जिच्यासाठी जग तिथं यायचं ती सायबेरियन क्रौंचांची जोडी २००२ नंतर आलेली नाही.

पाऊस कमी झालेल्या वर्षी पाणी आटतं आणि पक्षीही कमी होतात, एवढं लक्षात ठेवून जा. अर्धा दिवस नाही, एक अख्खा दिवस द्या. सकाळी एक फेरी, दुपारी जेवून झोप, चारला दुसरी.

कुंभेरीचा_वेढा

भरतपूर गाळू नका याला अनुमोदन, पण माझं कारण वेगळं.

पानिपतावरून १७६१ मध्ये जीव वाचवून आलेल्या आपल्या लोकांना सूरजमल जाटानं आसरा दिला. जेवू घातलं, कपडे दिले, वाटखर्ची देऊन पुढं लावलं. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईही त्याच आसऱ्यानं सुखरूप दक्षिणेकडे निघाल्या. हेच सूरजमल सात वर्षांपूर्वी आपल्या विरुद्ध कुंभेरच्या किल्ल्यात होते. त्या वेढ्यात १७५४ मध्ये खंडेराव होळकर पडले. खंडेराव म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान. आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बाईंचं कुंकू पुसलं गेलं ते भरतपूर-डीग रस्त्यावरच्या त्या गावापाशी.

आणि भरतपूरचा लोहागड. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर तिथं आश्रयाला होते, इंग्रजांच्या जनरल लेकनं चार वेळा हल्ला चढवला, चारही वेळा मार खाल्ला. तटबंदी मातीची. तोफेचा गोळा आत रुतायचा, भिंत काही पडायची नाही. सोलापूरचा भुईकोट बघत वाढलेल्या पोराला हे लगेच कळेल.

वेळ असेल तर डीगचे महालही करा. पाण्याच्या काठावरचे आहेत, गर्दी नसते.

रुळावरचा

इतिहास झाला असेल तर ताईंच्या गुडघ्यांकडे वळू या का?

कुंभेरीचा_वेढा

गुडघे सासूबाईंचे आहेत. धागा नीट वाचा.

चाटीगल्लीतली

भांडू नका ओ, दोघांचंही वहीत उतरवून घेतलंय. शुक्रवारचं ऐकून ह्यांनी टूरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाहेरून दाखवू की." विषय संपला. आता आमचं आम्हीच ठरवतोय.

नवा बेत: रविवारी सकाळी सोलापूर सोडायचं, सोमवारी आग्रा, किल्ला. मंगळवारी ताज. बुधवारी फत्तेपूर सिक्री करून भरतपूर. गुरुवार पक्षी. शुक्रवारी सवाई माधोपूर. शनिवारी सफारी. रविवारी परतीची गाडी. जयपूर, दिल्ली, कॉर्बेट काट. सासूबाईंनी मथुरा घुसवलीय, "एवढं लांब जाऊन कृष्णाला न भेटता यायचं?" काय करू?

आग्र्याहून_बदली

तीन वर्षं नोकरीनिमित्त आग्र्यात काढली, घर बार्शीला. तुमचा बेत चांगला आहे. थोडं तपशिलात सांगतो.

मथुरा भरतपूरहून तास-दीड तासावर आहे, शुक्रवारी पहाटे करून दुपारच्या गाडीला परत येता येईल. वृंदावन त्याच दिवशी नको, तिथल्या गल्ल्यांत गर्दी असते आणि माकडं चष्मे पळवतात.

ताज: उघडतो सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. पूर्वेच्या दारानं जा, शिल्पग्रामपासून बॅटरीवरची गाडी मिळते, सासूबाईंना तेवढंच सोपं. तिकीट ५० रुपये, वर मुख्य कबरीपाशी जायचं तर आणखी २००. पंधराच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. तीन तासांची मुदत असते. सासूबाईंचं २०० चं तिकीट काढायच्या आधी त्यांना विचारा. वर चढायला पायऱ्या आहेत आणि आत अंधारात रांगेत ढकलत नेतात. ताज बघायचा तो बागेतल्या बाकावर बसून. फेब्रुवारीत धुकं बहुतेक हटलेलं असतं. डिसेंबरअखेर जाणारे तिकीट काढून नुसतं पांढरं आभाळ बघून येतात.

खायचं काही आत नेऊ देत नाहीत, हे नक्की लक्षात ठेवा. सोलापूरकर आहात म्हणून सांगतो.

किल्ला: अमरसिंग दरवाज्यानं आत जातात. बाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याला आले, त्याच्या जेमतेम चार महिने आधी शहाजहान याच किल्ल्यात कैदेत वारला होता. तो जिथून ताज बघत बसायचा तो मुसम्मन बुर्ज दाखवतात. चढ आहे पण पायऱ्या नाहीत, उताराचा फरसबंदी रस्ता आहे.

सिक्री: बुलंद दरवाजा ५४ मीटर उंच आणि त्याच्यापुढच्या पायऱ्या सासूबाईंच्या शत्रू आहेत. बादशाही दरवाज्याकडून आत जा, मग बुलंद दरवाजा आतून बघा. चिश्तींच्या दर्ग्यात चादर चढवा म्हणून मागे लागतील. चादरवाल्यांना चादर विकायला बघतील, मजा येईल.

माळावरचा

रणथंबोरचं राहिलं. राजस्थान वन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी होते, लवकर करा. जिप्सीत सहा जण, कँटरमध्ये वीस. एक ते पाच हे गाभ्यातले विभाग, तळी तिथंच आहेत. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. सासूबाईंना सफारीला नेऊ नका, तीन-साडेतीन तास हाडं खिळखिळी होतात. पहाटे उघड्या जिप्सीत थंडी भयंकर असते, घरच्या दोन चादरी घ्या, लाजू नका.

किल्ल्यावर त्रिनेत्र गणेश आहे, त्याला सफारीचं तिकीट लागत नाही. पण गाडीनंच जा, पायी नाही. २०२५ मध्ये त्याच भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसं गेलीत. वरती पायऱ्या आहेत.

रुळावरचा

परतीला सवाई माधोपूरहून संध्याकाळची जयपूर-मुंबई घ्या. सकाळी मुंबई सेंट्रल, दुपारी चारच्या सुमाराला सीएसएमटीवरून वंदे भारत, रात्री घरी. ती नाही मिळाली तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच.

चाटीगल्लीतली

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

आधी चूक कबूल करते. ताजच्या दारात पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी सापडली. आग्र्याहून बदलीवाले दादा, तुम्ही सांगितलं होतं, पण सासूबाईंनी माझ्या नकळत ठेवली होती. ती लॉकरमध्ये ठेवून येईपर्यंत सूर्य वर आला. सासूबाई बाकावर बसल्या त्या तास-सव्वा तास हलल्या नाहीत. काही बोलल्याही नाहीत. उठताना म्हणाल्या, "बाईला मेल्यावर एवढं मिळालं. जिवंतपणी चौदा बाळंतपणं."

वाघ दिसला नाही. सकाळची सफारी, विभाग तीन. तळ्याकाठच्या एका वळणावर जाऊन थांबलो, सांबर ओरडलं, वाट बघितली, काही नाही. वीस मिनिटांनी त्याच वाटेनं परत फिरलो तर धुळीत आमच्याच जिप्सीच्या चाकाच्या खुणांवर वाघाचे पंजे. आम्ही गेल्यावर तो मागून चालत गेला होता. मुलगा आधी रडकुंडीला आला, मग गाइडला म्हणाला, "म्हणजे त्यानं आपल्याला बघितलं." तेवढ्यावर तो खूश आहे, शाळेत हेच सांगतोय.

भरतपूर. माळावरचे, तुमचे उपकार. सासूबाई आणि मी एका रिक्षात, हे आणि मुलगा सायकलवर. रिक्षावाले सरदारजी साठीचे. एका झाडाच्या ढोलीपाशी थांबले आणि नुसतं बोट दाखवलं. पिंगळा, उन्हात डोळे मिटून बसलेला. सासूबाईंनी लगेच हात जोडले. आमच्या लहानपणी पहाटे दारात यायचा तो पिंगळा वेगळा, असं मी म्हणायला गेले, तर म्हणाल्या, "नाव एकच आहे ना." ४,२७३ चा दगड मुलानं मोठ्यानं वाचून दाखवला. त्यावर सासूबाई: "मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता."

सारस चार दिसले. दुपारची झोप राहिली. सासूबाईच म्हणाल्या चला परत आत.

डीगला नाही गेलो. कुंभेरचा फाटा मात्र मथुरेच्या ड्रायव्हरला विचारला. तो म्हणाला, तो रस्ता वेगळा.

कुंभेरीचा_वेढा

वेगळाच आहे. पुढच्या वेळी भरतपूरहून डीगकडे निघा, वाटेत लागेल.

अक्कलकोट_रोड

छान लिहिलंय ताई. आम्हाला मे महिन्यातच जमतं. जाऊ का?

चाटीगल्लीतली

वाघ मे महिन्यात जास्त दिसतो म्हणे, पाण्यावर येतो. पण भरतपूरला बाहेरचे पक्षी परत गेलेले असतात, आणि ताजचा संगमरवर दुपारी अनवाणी पायांना पोळतो. बाकी उन्हाचं मी सोलापूरच्या माणसाला काय सांगू?